थालीपीठ फाटलं नाही तेव्हा

"अहो, या वेळी तुमचं थालीपीठ फाटलंच नाही!"

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी आलेला पहिला फोन हा. कराडच्याच शनिवार पेठेतल्या गोखले काकूंचा. ही बाई कुणाचं कौतुक करायला फोन फिरवेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एरवी त्यांचा फोन म्हणजे जिरं जास्त, मीठ कमी, नाहीतर पाकिटाला कात्री का लावावी लागते. मी म्हटलं, "काकू, नक्की आमच्याच भाजणीचं केलंत ना?"

"तुमच्याच गं बाई. हातावरून असं अलगद उतरलं, की आमचे हे म्हणाले, काय गं, उपवास सोडलास की काय पहिल्याच दिवशी!"

आम्ही दोघी खळखळून हसलो. फोन ठेवते तोच दुसरा वाजला, मग तिसरा. सगळ्यांचं तेच, थालीपीठ फाटलं नाही.

ज्यांनी उपवासाचं थालीपीठ कधी थापलं नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं? राजगिरा, वरी, साबुदाणा भाजून दळायचा, त्यात शिंगाड्याचं पीठ मिसळायचं. चवीला सुरेख, पण त्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. बटाटा घाला, कोमट पाणी घ्या, देवीचं नाव घ्या, ते कडेला फाटणार म्हणजे फाटणार. तव्यावर टाकताना निम्मं हातातच राहतं आणि उपाशी पोटी बायकांचं डोकं फिरतं. गोखले काकू सोडल्या तर आमच्या भाजणीबद्दल चार वर्षं एवढी एकच तक्रार होती, आणि या नवरात्रात तीही नाहीशी झाली होती.

कराडातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत हा उद्योग चालायचा. मोठी जाऊ गिरिजाक्का, धाकटी मी, उज्ज्वला. अक्का भाजायची, मी विकायची. नाव मी ठेवलं होतं, 'दोघी जावा'. आधी लोक फिदीफिदी हसले. एका घरातल्या दोन जावा, आणि एकत्र धंदा? बघू किती दिवस टिकतोय! मी तेच उचललं आणि पाकिटावर नावाखाली छापलं, 'दोघींचं जमलंय'. तेवढ्या दोन शब्दांनी आमची भाजणी साताऱ्यापर्यंत गेली. शब्द कुठला कुठे ठेवला की बाई पर्स उघडते, हे मला बरोबर कळायचं, आणि त्याचा मला तोरा होता. अजूनही आहे.

पतसंस्थेतली बरी नोकरी सोडून मी यात उडी घेतली होती. आमचे हे तेव्हा पुण्याला एका कारखान्यात होते, रविवारी यायचे. जाताना दर वेळी म्हणायचे, "बघ हं, झेपेल तेवढंच कर." त्यात कोल्हापूरच्या एका मोठ्या दुकानदाराने सांगितलं होतं, "नवरात्रातला तुमचा माल कसा जातो ते बघतो. चांगला गेला तर दिवाळीचा फराळ तुमचाच ठेवतो." तेव्हापासून माझ्या डोक्यात सारखं तेच. पाकिटं वेळेत पोचतील ना, शिक्का नीट बसला असेल ना, वास तर येत नसेल ना. रात्री उठून मी पिठाच्या डब्यांची झाकणं चाचपून यायची. म्हणून त्या सकाळच्या फोनांनी माझा जीव भांड्यात पडला.

मी लगेच केबलवाल्या दिगंबरला फोन लावला. टीव्हीवर खालून सरकणारी पट्टी असते ना, त्यात आम्ही नऊ दिवसांची जाहिरात दिली होती. म्हटलं, "दिगू, आपली पट्टी बदल. लिहून घे. दोघी जावा, या नवरात्रात न फाटणारं थालीपीठ!"

"झकास वहिनी. संध्याकाळच्या आरतीला लावतो, तेव्हा सगळं गाव बघतंय."

मी नाचतच मागच्या खोलीत गेले. अक्का मेतकुटाची डाळ भाजत होती. आमच्या अक्काचं एक सांगायला हवं. उपवासाच्या भाजणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती स्वतः एकही उपवास करायची नाही. "मला भूक सोसत नाही आणि माझी चिडचिड देवीला सोसायची नाही," असं तिचं सरळ म्हणणं. उपवास करायचे मी, नऊ दिवस, कडक. सकाळीच दोन थालीपिठं दह्याबरोबर खाल्ली होती.

मी तिला फोनांचं सगळं सांगितलं. ती कालथा फिरवत राहिली. मग म्हणाली, "का फाटलं नाही?"

"अगं, चांगलंच झालं ना!"

"ते झालं. पण का?"

"तुझ्या हाताचा गुण असेल. का काय, का!"

"माझा हात तोच आहे," अक्का म्हणाली, आणि तिने गॅस बंद केला. भाजणं अर्धवट टाकून अक्का उठली, हे मी पहिल्यांदाच बघत होते. तिने उपवासाची भाजणी ताटलीत घेतली, पाणी घालून मळली आणि गोळा दोन्ही हातांनी ओढला. तो तुटला नाही, लांबला. अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात शिंगाड्याच्या पिठाचं पोतं होतं. बाकी धान्यं आम्ही आणून भाजायचो, शिंगाड्याचं पीठ मात्र तयार घ्यायचो आणि न भाजता शेवटी मिसळायचो. तिने त्यातलं ओंजळभर पीठ काढलं, घट्ट भिजवलं, जरा मुरू दिलं आणि गोळा नळाखाली धरला.

पांढरं पाणी वाहत राहिलं. अक्का गोळा चोळत होती. मला कळत होतं ती काय करतेय. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढलेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. पाणी हळूहळू निवळ झालं आणि तिच्या तळव्यावर रबरासारखा, चिवट, मळकट गोळा उरला. शिंगाड्याचा असा गोळा उरत नाही. ते सगळं पाण्याबरोबर निघून जातं.

"गहू," अक्का म्हणाली. "निम्मं पोतं गव्हाचं."

पहिली कुठली गोष्ट केली असेल मी? न्हाणीत जाऊन चूळ भरली. दोन थालीपिठं पोटात रिचवल्यावर चूळ! आणि दुसरी गोष्ट, देशिंगकर मॅडमना फोन लावला.

या मॅडम म्हणजे आमचं सगळ्यांत जपलेलं गिऱ्हाईक. विद्यानगरला राहायच्या, शाळेत शिकवायच्या. नवरात्र असो, पितृपंधरवडा असो की ऐन दिवाळी, त्या उपवासाचीच भाजणी न्यायच्या. अक्का म्हणायची, "ही बाई जेवते तरी कधी?" मी मात्र दुकानादुकानांत सांगत फिरायची, बारा महिने उपवास करणारी बाई डोळे झाकून आमची भाजणी घेते, अजून काय पाहिजे! बोलायच्या कमी. पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, "नेहमीसारखंच आहे ना?" मी म्हणायची, "नेहमीसारखंच." आठवड्यापूर्वी या नव्या भाजणीची पाकिटं नेतानाही त्यांनी तेच विचारलं होतं, आणि मीही तेच उत्तर दिलं होतं.

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

दुपारी थोरले भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, जेवायला आले. त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं आणि आमची खरेदी तेच बघायचे. नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा शिंगाडा संपला म्हणून या खेपेचं पोतं त्यांनी दुसऱ्याच एकाकडून आणलं होतं. अक्काने ताट वाढलं आणि ताटाशेजारी तो चिवट गोळा बशीत ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही आणलेला शिंगाडा."

सगळं ऐकल्यावर भावोजी आधी त्या व्यापाऱ्यावर घसरले, मग म्हणाले, "पोत्यावर शिंगाडा लिहिलं होतं. मी काय पोत्यात शिरून बघू? त्याला मी बघून घेतो. तुम्ही उरलेली पाकिटं दुकानांतून गुपचूप उचला आणि गप्प बसा."

"आणि घरी गेलेली?" अक्काने विचारलं.

"गेली ती गेली. गहू म्हणजे काय विष आहे का? अख्खा महाराष्ट्र रोज खातो. कुणाच्या पोटात दुखणार आहे?"

"बायकांचा उपवास मोडलाय."

"कुणाला कळलंय? न कळता मोडला तो मोडत नसतो. देवी काय तुझ्यासारखी पीठ धुवून बघत बसत नाही. उलट तू सांगितलंस, की त्या घडीला त्या सगळ्यांचा मोडेल. आज सुखाने आरती करतायत, त्यांना रडवायचंय तुला? हे पाप कुणाच्या माथी?"

खोटं कशाला बोलू, मला ते अगदी पटलं. त्यात कोल्हापूरचा दुकानदार डोळ्यांसमोर. मी म्हटलं, "अक्का, भावोजी बरोबर बोलतायत. माझाही मोडलाय की. मला कळलं नसतं तर मी आज किती आनंदात असते!"

अक्काने भावोजींना भात वाढला, तूप वाढलं. मग शांतपणे म्हणाली, "उपवास त्यांचा आहे. मोडला की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आपण पाकिटावर उपवासाची लिहिलं, आणि ती उपवासाची नाही. एवढं आपण सांगायचं."

"नाव जाईल," भावोजी म्हणाले.

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! उज्ज्वलाने नोकरी सोडलीय या नावापायी."

तेव्हा मात्र अक्का थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही वाकणार, आणि सुटल्यासारखं झालं. पण ती म्हणाली, "उज्जू, तू दिगूला फोन कर. ती न फाटणारी पट्टी काढायला सांग आणि दुसरी लिही. तुला चांगलं लिहिता येतं."

भावोजी अर्ध्या जेवणावरून उठून गेले. चार वर्षांत आमच्या घरात कुणी ताटावरून उठलं नव्हतं.

मी कागद घेऊन बसले. म्हटलं, सांगायचंच आहे ना, मग असं सांगू की सापही मरेल आणि काठीही शाबूत राहील. लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव दोघी जावा उपवास भाजणी बदलून देण्यात येत आहे.' वाचून दाखवलं.

"गहू कुठाय यात?" अक्काने विचारलं.

"अगं, बदलून म्हटलं की कळतंच माणसाला."

"काय कळतं? मला वाटलं, पाकिटं उसवली असतील."

मी दुसरं लिहिलं. 'भाजणीत अन्य धान्याचा अंश आढळल्याने.'

"अंश!" अक्का म्हणाली. "निम्मं पोतं गहू, त्याला अंश म्हणतात होय? आणि अन्य धान्य म्हणजे? वरी पण धान्यच."

"अक्का, ही जाहिरात आहे. पट्टीत गहू हा शब्द सरकायला लागला ना, की आपण मेलो. लोक बाकी सगळं विसरतील, तेवढाच लक्षात ठेवतील."

"मग तोच लिही," अक्का म्हणाली. "लक्षात राहायलाच पाहिजे."

मी चिडले. कागद तिच्याकडे सरकवला, म्हटलं, तूच लिही. तिने खरंच लिहिलं, तिच्या त्या मोठ्या, सातवीतल्या अक्षरात. 'आमच्या उपवासाच्या भाजणीत गहू आला आहे. खाऊ नका. परत आणा. दोघी जावा.'

"खाऊ नका?" मी किंचाळलेच. "आपल्याच मालाला खाऊ नका?"

"खाऊन बसल्या तर परत काय आणतील?"

फोनवर दिगंबरने ते लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, कुणी मस्करी तर करत नाही ना? हे खरंच लावू?"

त्या वेळी मला नाही म्हणता आलं असतं. अक्का मागे डाळ पाखडत बसली होती, तिला ऐकूही गेलं नसतं. फोनची वायर मी बोटाला गुंडाळत राहिले. डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं. पतसंस्थेतलं माझं टेबल आलं, रविवारी घरी येणारे हे आले, आणि दारात उभं राहून नेहमीसारखंच आहे ना म्हणणाऱ्या मॅडम आल्या. त्या बाईला मी परत कुठल्या तोंडाने हो म्हणणार होते?

"लाव," मी म्हटलं. "आरतीच्या आधीच लाव."

संध्याकाळी आम्ही टीव्हीपुढे बसलो. एका सोनाराची पट्टी गेली, एका शिकवणीची गेली, आणि मग आमची आली. गहू हा शब्द पडद्याच्या उजवीकडून निघून डावीकडे जाईपर्यंत मी त्यावरून नजर काढली नाही. पट्टी गेली आणि फोन वाजला.

पुढचे दोन दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत असे गेले. बायका दारात पाकिटं आपटून गेल्या. एकीचा नवस होता, ती ओट्यावर बसून ढसाढसा रडली, आणि भावोजींचं म्हणणं माझ्या कानात घुमायला लागलं. गोखले काकू तर भर रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "दोघींचं जमलंय म्हणे! कशात जमलंय ते कळलं हो सगळ्या गावाला!" एक म्हातारी तेवढी म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, आजपासून पुन्हा धरते." तिच्या मी पाया पडले. कोल्हापूरच्या दुकानदाराला कुणीतरी कळवलंच होतं. त्याने दोनच वाक्यं बोलून फोन ठेवला. मी मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

अक्काने हे सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. आलेल्या प्रत्येकीला ती म्हणायची, "आमचं चुकलं." व्यापाऱ्याचं नाव तिने एकदाही पुढे केलं नाही. मला त्याचाही राग आला. पण जी बाई तोंड लपवत नाही, तिच्यावर किती वेळ चिडणार?

आणि या सगळ्यात मॅडमचा पत्ता नव्हता. मी सकाळ-संध्याकाळ फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद पडत होता. माझी खात्री झाली की त्यांनी पट्टी बघितलीय आणि त्या मुद्दाम उचलत नाहीत. वर्षानुवर्षांचं व्रत आमच्यामुळे मोडलं, आता त्या येऊन काय शाप देतात कोण जाणे! देवाधर्माच्या बाबतीत मी जरा भित्रीच. दारावर टकटक झाली की माझी पाचावर धारण बसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. केस विस्कटलेले, साडी चुरगळलेली, डोळे खोल गेलेले. हातात आमचं अर्धं रिकामं पाकीट. मी उभीच राहिले. अक्का पुढे झाली, म्हणाली, "या मॅडम. आमचं चुकलं. तुमचा उपवास..."

"मी उपवास करत नाही," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

"मी कधीच केला नाही उपवास." त्या खुर्चीवर टेकल्या. "माझ्या मुलीला, केतकीला, गव्हाचं वावडं आहे. नुसतं खाज सुटण्यासारखं नाही. गहू पोटात गेला की तिची आतडी सोलवटतात. पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा ती काडी झाली होती. तेव्हापासून घरात गहू येत नाही."

मी म्हटलं, "पण मग उपवासाचीच भाजणी का? भाकरी चालत नाही का तिला?"

"ज्वारी चालते हो. पण ती गिरणीत कशावर दळतात? आधी कुणाचे तरी गहू पडून गेलेले असतात. कुणाला सांगितलं तर म्हणतात, मॅडम, चिमूटभराने काय होतंय! उपवासाचं मात्र सगळे जपतात. वेगळी गिरणी, वेगळं सूप, वेगळा डबा. देवाच्या भीतीने का होईना, तेवढं एक पीठ माझ्या पोरीला निर्धास्त देता येतं. पाकिटावर उपवासाची दिसलं की मी घेते. तुमच्याच इथून घ्यायची, कारण तुम्ही नेहमीसारखंच म्हणायचात."

अक्का मटकन खाली बसली. मी तिला असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"कशी आहे ती?" अक्काने विचारलं.

"दवाखान्यात आहे. आठवडाभर पोट दुखतंय म्हणत होती. उलट्या, जुलाब. मला वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. म्हणून मी बाकी सगळं बंद केलं आणि हीच भाजणी पातळ करून पाजत राहिले. हलकी म्हणून! दवाखान्यातसुद्धा. डॉक्टर विचारायचे, गहू गेलाय का? मी म्हणायची, शक्यच नाही, फक्त उपवासाचं खाते ती. ते म्हणाले, मग दुसरंच काही असेल, सांगलीला हलवा." मॅडमनी पदराने डोळे पुसले. "इथल्याच दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यांसमोर टीव्ही आहे. मी वाटीत पेज ढवळत होते. केतकीच्या तोंडाशी चमचा नेणार, तर पट्टीत तुमचं नाव दिसलं म्हणून वर बघितलं. आणि गहू."

मॅडमनी हातातलं पाकीट उलटसुलट बघितलं.

"काही कारणास्तव वगैरे लिहिलं असतंत ना," त्या म्हणाल्या, "तर मी तो चमचा दिला असता."

माझ्या ड्रॉवरमध्ये तो कागद तसाच होता, काही अपरिहार्य कारणास्तव.

मॅडम उठल्या. "उतार पडायला लागलाय आता. आज तिने भाताची पेज घेतली. मी आभार मानायला आले नाही. तुमच्यामुळेच ती तिथे आहे. पण गहू लिहिलंत, ते सांगायला आले." पाकीट ओट्यावर ठेवून त्या गेल्या. अक्का मग रडली. मीही रडले, आणि आम्हाला रडताना बघून दारात आलेले भावोजी पाकिटाकडे बघत नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बाजारात गेले आणि सुके, अख्खे शिंगाडे घेऊन आले. म्हणाले, "यापुढे पीठ आणायचं नाही. आपण फोडू, आपण दळू."

त्या दिवाळीला आमच्याकडे फराळाची एकही ऑर्डर नव्हती. पुढच्या वर्षी थोड्या आल्या. नावाला चिकटलेला गहू निघायला फार काळ गेला. मी सांगितलंच होतं, लोक तेवढाच शब्द लक्षात ठेवतील. मला आता महिला मंडळं भाषणाला बोलावतात, जाहिरात कशी करावी म्हणून. मी बरंच काही सांगते. हे मात्र व्यासपीठावर सांगायला जमत नाही.

मॅडम परत आल्या नाहीत. आम्ही वाटही बघितली नाही. कुठल्या तोंडाने बघणार? पण अक्काने हट्ट धरून पाकिटावर एक ओळ छापून घेतली, आणि माझा सगळा जाहिरातीचा अभिमान गिळून मी ती छापली, 'यात गहू नाही. थालीपीठ कडेला फाटेल.' ती वाचून लोक अजून हसतात.

मागच्या श्रावणात एक उंच मुलगी दारात आली. पाठीवर सॅक, गालावर खळी. पुण्याला शिकायला चालली होती, बरोबर न्यायला भाजणी हवी होती. मी पाकिटं काढली. तिने एक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि तिच्या त्या बघण्यावरूनच मी ओळखलं.

"केतकी ना तू?"

ती हसली. म्हणाली, "आई म्हणाली, आधी विचारून घे. मावशी, हे फाटतं ना?"

"फाटतं गं बाई," मी म्हटलं. "चांगलं फाटतं."

आतून अक्काचा आवाज आला. आता तिला पूर्वीसारखं उठवत नाही, पण कान तिखट आहेत. "उज्जू, तोंडाने काय सांगतेस? तिला करून दाखव."

मी तिच्याच हातातलं पाकीट फोडलं. पीठ भिजवलं, प्लास्टिकवर थापलं. कडा भेगाळल्या. तव्यावर टाकताना एक मोठा तुकडा माझ्या हातातच राहिला, आणि उरलेलं वेडंवाकडं होऊन तव्यावर पडलं.

केतकी वाकून बघत होती. मग तिने ताटली पुढे केली आणि म्हणाली, "आता द्या."